काचणार नाहीत अशी अंतर्वस्त्रं कशी निवडावीत

ब्राचा पट्टा सतत खांद्यावरून घसरतो, संध्याकाळी कमरेवर इलॅस्टिकचे लाल वळ उठलेले असतात, चालताना चड्डी जांघेत गोळा होते. हे सगळं आपण इतकं गृहीत धरतो की दुकानात गेल्यावर वर्षानुवर्षं जुनाच आकडा सांगतो. तो आकडा आधी विसरा आणि शिवणकामाची मऊ टेप शोधा.

१. आधी मापं घ्या

कमर आणि नितंबांचा सर्वांत रुंद भाग, ही दोन मापं सगळ्यांनीच घ्यावीत. बायकांना आणखी दोन लागतात. पहिलं छातीच्या अगदी खालून: श्वास सोडायचा, टेप पाठीमागेही सरळ आहे ना हे आरशात बघायचं आणि अंगाला घट्ट लावून मोजायचं. दुसरं छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, पण इथे टेप नुसती टेकवायची, आवळायची नाही. हे माप पॅड नसलेली पातळ ब्रा घालून घ्यावं, नाहीतर पॅडचीच जाडी मोजली जाते.

२. ब्राचा आकडा काढा

छातीखालचं माप इंचांत घ्या आणि विषम आलं तर पुढचा सम आकडा धरा. हा झाला पट्टीचा, म्हणजे छातीखालून पाठीवर जाणाऱ्या भागाचा नंबर. छातीच्या मापातून तो वजा करा. एक इंच फरक असेल तर ए कप, दोनला बी, तीनला सी, चारला डी, पाचला डबल डी. ३२ आणि ३७ अशी मापं असतील तर ३२ डबल डी.

पूर्वी छातीखालच्या मापात चार इंच मिळवायची पद्धत होती आणि काही ठिकाणी अजूनही आहे. त्या हिशेबाने याच बाईला ३६ ए मिळेल. म्हणजे पट्टी ढगळ आणि कप दोन साइझ लहान! ‘डी म्हणजे खूप मोठा’ हा समजही चुकीचाच. कपाचं अक्षर पट्टीच्या नंबराशिवाय काहीच सांगत नाही. ३४ बी आणि ३२ सी यांच्या कपात जागा सारखीच असते. त्यामुळे कप बरोबर पण पट्टी सैल वाटली, तर पट्टीचा नंबर एकाने खाली आणि कप एकाने वर घ्यायचा.

३. घालून बघा

आकड्याने फक्त सुरुवात होते, कारण प्रत्येक कंपनीचं बेतणं वेगळं. नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर बसली पाहिजे. इलॅस्टिक पुढे सैलावतं, आतले हूक तेव्हासाठी असतात. हूक लावल्यावर थोडं पुढे वाका आणि काखेकडचा भागही हाताने कपात घ्या. मग सरळ उभं राहून हात वर करा.

पट्टी पाठीवर वर सरकली तर ती सैल आहे. छातीचा भार मुख्यतः पट्टीने पेलायचा असतो. ती ढिली असली की सगळं ओझं खांद्यावर येतं, आपण पट्टे आवळतो, पट्टे रुततात आणि पट्टी आणखी वर चढते. म्हणून खांद्याची तक्रार असेल तर आधी पाठ बघा. वरून मांस बाहेर येत असेल, कपाखालची तार बरगड्यांऐवजी स्तनावर टेकत असेल किंवा मधला भाग छातीच्या हाडावर सपाट बसत नसेल, तर बहुतेक वेळा कप लहान असतो. कपाला सुरकुत्या पडत असतील तर कप मोठा आहे, किंवा त्याचा आकार तुमच्यासाठी नाही. पट्ट्यांची लांबी सगळ्यात शेवटी ठरवा.

४. चड्डी बसून तपासा

चड्डी उभ्याने नेहमीच बरी वाटते. खाली बसा, उकिडवे व्हा, दोन जिने चढा. कमरेचं इलॅस्टिक दुमडत असेल किंवा मांडीजवळची कड रुतत असेल तर एक नंबर वर जा. कमर आणि नितंब वेगवेगळ्या नंबरात येत असतील तर नितंबांचं माप धरा. बायकांच्या चड्डीत दोन पायांमधल्या भागाला सुती अस्तर हवंच.

पुरुषांच्या मांड्या एकमेकींना घासत असतील तर ब्रीफपेक्षा लांब पायाची ट्रंक बरी. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी तापमान लागतं, त्यामुळे दिवसभर आवळून धरणारी चड्डी टाळलेली चांगली. बनियान खोचल्यावर वाकताना बाहेर निघत असेल तर ती तोकडी आहे, एवढंच.

५. कापड आणि निगा

रोजच्या वापराला सुती कापड, त्यात थोडा स्पॅन्डेक्सचा ताणणारा धागा असला की आकार टिकतो. व्यायामाला मात्र सुती नको: ते घाम शोषतं पण ओलंच राहतं आणि ओलं कापड जास्त काचतं. तिथे लवकर सुकणारं कापड घ्या. लेबल टोचत असेल तर कापा, पण शिवण टोचत असेल तर ती चड्डी दुकानातच राहू द्या.

गरम पाणी आणि ड्रायर इलॅस्टिकचे शत्रू. ब्रा हूक लावून, जाळीच्या पिशवीत धुवा. सर्वांत आतल्या हुकावरही ती पाठीवर चढू लागली की बदला. वजन बदललं, गरोदरपण आलं, बाळाला अंगावर पाजणं सुरू झालं किंवा थांबलं, की पुन्हा टेप काढा.

आणि सवलत दिसली म्हणून एकदम सहाचा पॅक उचलू नका. एकच घ्या, दिवसभर घाला, धुऊन पुन्हा एक दिवस घाला. तरीही काचलं नाही तर बाकीचे पाच घ्या.