अजिंक्यताऱ्याच्या पायांनी अफरवतवर: बॅककंट्री स्कीइंग सुरू करणाऱ्यांसाठी

"बर्फावर घसरायला एवढ्या लांब कशाला? पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात जा, फुकटात घसरशील," असं आजी म्हणाली होती. गंमत म्हणजे बॅककंट्री स्कीइंगमध्ये, म्हणजे स्की रिसॉर्टबाहेरच्या मोकळ्या डोंगरातल्या स्कीइंगमध्ये, घसरणं कमी आणि चढणंच जास्त. लिफ्ट नाही, दाबून गुळगुळीत केलेली पट्टी नाही. तीन-चार तास चढायचं आणि वीस मिनिटांत खाली. त्यामुळे रोज पहाटे अजिंक्यतारा चढणाऱ्या माणसाची निम्मी तयारी साताऱ्यातच होते. उरलेली निम्मी मात्र नुसतं चढून होत नाही, आणि माझी फजिती नेमकी तिथेच झाली.

आधी क्रम सांगतो. थेट बॅककंट्रीला जाऊ नका. गुलमर्ग, औली किंवा मनालीजवळच्या सोलंगला स्कीइंगचा बेसिक कोर्स करा. वळणं आणि थांबणं अंगात मुरू द्या, मगच पुढचं. मी पहिल्या हिवाळ्यात गुलमर्गला शिकलो आणि दुसऱ्या हिवाळ्यात गाइडबरोबर टूरिंगला, म्हणजे स्कीवरच डोंगर चढून उतरायला, गेलो. पुढे बर्फाची कुऱ्हाड घेऊन आणि बुटांना क्रॅम्पॉन (टोकदार खिळ्यांचे सांगाडे) लावून शिखरं करायची असतील, म्हणजे खरं स्की माउंटेनियरिंग, तर उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या संस्थेतला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्सही हवाच. हा खेळ २०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आल्यापासून ओळखीची पोरं विचारायला लागलीत. पण ती शर्यत वेगळी आणि आपलं डोंगरात जाणं वेगळं.

सामान. नवा पूर्ण संच दीड लाखाच्या पुढे जातो, म्हणून पहिली दोन वर्षं स्की भाड्यानेच घ्या. विकत घ्यायचेच तर आधी बूट घ्या. दुसऱ्याच्या बुटात चार तास चढून नडगी सोलली की याचं कारण कळतं. बुटाला चालण्याचा आणि स्कीइंगचा असे दोन मोड असतात. बूट स्कीला जोडणारं पिन बाइंडिंग बुटाचा पुढचा भाग दोन पिनांत धरतं. चढताना टाच मोकळी, उतरताना बंद. चढ तीव्र झाला की टाचेखाली एक छोटा टेकू उभा करायचा.

आणि स्किन. स्कीच्या तळाला चिकटवायची ही लांब केसाळ पट्टी. बैलाच्या पाठीवरून हात फिरवून बघा: केसांच्या दिशेने फिरवला तर सरकतो, उलटा फिरवला तर अडकतो. स्किनचं तंत्र तेच. पुढे सरकते, मागे अडते, म्हणून चढता येतं. नवखा माणूस पाय उचलून टाकतो आणि तासाभरात दमतो. पाय उचलायचा नाही, बर्फावरून पुढे ओढायचा.

माझी फजिती या स्किननेच केली. पहिल्या उतारानंतर परत चढायचं होतं. मधल्या वेळात मी स्किन सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबल्या होत्या. गोंद गारठला, वर भुरभुरीत बर्फ बसला आणि शंभरेक पावलांत डावी स्किन मागून सुटून लोंबायला लागली. हातमोजे काढून बोटांनी बर्फ खरवडला, तोवर बोटं बधिर. शेवटी गाइडने रबरी पट्ट्याने ती स्कीला बांधली आणि एवढंच म्हणाला, "जॅकेट के अंदर रखो, भाई." तेव्हापासून काढलेली स्किन घडी करून जॅकेटच्या आत पोटाशी ठेवतो, आणि असे दोन पट्टे सॅकमध्ये कायम असतात. घरी बसून करायचा सराव हाच: जाड हातमोजे घालून स्किन लावा, काढा, बुटाचा मोड बदला. आईने मला हॉलमध्ये हे करताना पाहिलं तेव्हा ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

आता हिमस्खलनात गाडल्या गेलेल्याला शोधायचं सामान: बीकन (सिग्नल पाठवणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं. या तीन गोष्टींत काटकसर नको. तीन अँटेनांचा बीकन, किमान २४० सेंटिमीटरचा प्रोब, धातूचं फावडं. हे तिन्ही प्रत्येकाकडे हवं, कारण तुमचा बीकन तुम्हाला नाही, सोबत्याला वाचवतो. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर आशा चांगली, नंतर ती झपाट्याने कमी होते. हा सराव मी आमच्या रानात केला. ऊस तुटून गेलेला, सगळीकडे पाचट पसरलेलं. चुलतभावाने मित्राचा बीकन डब्यात घालून पाचटाखाली पुरला. बीकनच्या पडद्यावरचा बाण सरळ नेत नाही, वाकड्या वाटेने नेतो, हे तिथे कळलं. जवळ आलो की बीकन जमिनीलगत धरून हळू फिरवायचा, अंतराचा सर्वांत छोटा आकडा शोधायचा आणि मग प्रोब. पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली, कारण मोबाइल छातीच्या खिशात होता आणि आकडे नाचत होते. शोधताना फोन किमान अर्धा मीटर लांब हवा.

डोळ्यांचा सरावही इथेच होतो. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि दुर्दैवाने मजाही त्याच उतारांवर येते. यवतेश्वरच्या घाटातून जाताना उताराचा कोन ओळखायचा आणि मग मोबाइलवर मोजायचा. मी सुरुवातीला २५ ला ४० म्हणायचो.

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, अफरवत डोंगरावर साधारण ३,९५० मीटरपर्यंत नेतो, आणि हद्दीच्या दोरीपलीकडे पाऊल टाकलं की बॅककंट्री. सोय इतकी की धोका विसरायला होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथेच हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. स्की पट्रोलचा, म्हणजे तिथल्या सुरक्षा पथकाचा, त्या दिवसाचा धोक्याचा इशारा वाचा, ताज्या बर्फानंतर थांबा, तीव्र उतारावर एकेकाने उतरा आणि बाकीच्यांनी आडोशाच्या सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवा.

माझ्या दुसऱ्या ट्रिपचे शेवटचे दोन दिवस आम्ही असे हॉटेलातच काढले. बाहेर गुडघाभर ताजा बर्फ, आणि आम्ही खोलीत कंदी पेढे खात पत्ते कुटत होतो. तिसऱ्या दिवशी माझं परतीचं विमान होतं.