गावात रानभाजी महोत्सव कसा भरवावा

राज्याचा कृषी विभाग २०२० पासून ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो आणि आता ग्रामपंचायती, महाविद्यालये, शहरांतील गृहसंकुलेही तो भरवू लागली आहेत. मांडव, फ्लेक्स आणि पाहुण्यांची भाषणे आटोपेपर्यंत टेबलावरच्या जुड्या माना टाकतात, आणि ज्या बायकांनी पहाटे डोंगर चढून त्या खुडल्या, त्या परतीच्या एसटीच्या वेळेकडे डोळे लावून बसलेल्या असतात. असे होऊ नये म्हणून काय करावे, ते पुढे दिले आहे. उदाहरणे ठाणे-रायगडच्या डोंगरपट्ट्यातील आहेत. इतरत्र भाज्या बदलतील, कामाची रीत फारशी बदलणार नाही.

तारीख वाडीवर विचारून ठरवावी

पाहुण्यांच्या सोयीने तारीख ठरवली की पहिली चूक तिथेच होते. शेवळे पहिल्या सरींबरोबर वर येतात आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत संपलेली असतात. टाकळा कोवळा असतो तो पावसाच्या सुरुवातीला, आणि करटोली श्रावणाच्या आगेमागे भरात येतात. त्यामुळे एकाच दिवशी सगळ्या भाज्या मांडण्याचा हट्ट सोडावा. मृगाच्या पावसानंतर एक लहान बाजार आणि भाताची लावणी उरकल्यावर मुख्य महोत्सव, अशी विभागणी सोयीची पडते. लावणीच्या दिवसांत मात्र काहीही ठेवू नये, कारण त्या दिवसांची मजुरी बुडवून कोणतीही बाई तुमच्या मांडवात येणार नाही, आणि तिने यावे अशी अपेक्षाही धरू नये.

यादी बायकांसोबत बसून करावी

ठाकर-कातकरी वाड्यांवर उन्हाळ्यातच दोन-तीन वेळा जाऊन बसावे आणि प्रत्येक भाजीविषयी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: वाडीवरचे नाव, खाण्याचा भाग, खुडण्याचा काळ आणि तिचा कडूपणा किंवा खाज काढण्याची रीत. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण रानभाजी ही कृतीसकटच भाजी असते. कृती वगळली तर उरतो तो नुसता पाला, आणि काही वेळा विषही. एका गावात जिला फोडशी म्हणतात तिला दुसरीकडे कुलू म्हणतात, म्हणून नावावर विसंबू नये. पाऊस पडल्यावर पान, फूल, कंद दिसेल असा नमुना आणवून छायाचित्र घ्यावे आणि जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून ओळख पक्की करून घ्यावी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. माहिती देणाऱ्या बायकांची संमती असेल तर ही यादी त्या नोंदवहीत जावी. भाजी वनजमिनीवरून येणार असेल, तर ग्रामसभेत विषय आधीच मांडावा आणि वनरक्षकांच्याही कानावर घालावा.

खुडण्याचे नियम आधी ठरवावेत

मागणी वाढली की ओरबाडणे सुरू होते. शेवळ म्हणून आपण जे खातो, तो त्या कंदाचा फुलोराच असतो. पान त्यानंतर येते. एखाद्या उतारावरची सगळी शेवळे काढली, तर त्या वर्षी तिथे बी धरणार नाही. म्हणून दर ठिकाणी काही शेवळे राखायची, हे जाणत्या बायकांकडूनच वदवून घ्यावे. फोडशी जमिनीलगत कापावी, मुळासकट उपटू नये. करटोलीचे नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. नर वेलाला फळ धरत नाही म्हणून नवखे लोक तो वांझ समजून तोडतात आणि पुढे मादी वेलालाही फळ का धरत नाही याचे नवल करत बसतात. रस्त्याकडेचा किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरचा टाकळा मुबलक दिसला तरी घेऊ नये.

कृती दाखवल्याशिवाय भाजी विकू नये

आमच्या पहिल्या महोत्सवात आम्ही शेवळांच्या जुड्या विकल्या आणि काकडे, म्हणजे त्यांत घालायची आंबट फळे, वेगळ्या टेबलावर ठेवली. एका गृहस्थांनी नुसतीच जुडी नेली, घरी नेहमीच्या भाजीसारखी फोडणीला टाकली आणि रात्री घसा धरून फोन केला. चूक त्यांची नव्हती, आमच्या मांडणीची होती. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. त्यामुळे हाताला तेल लावून वरचे आवरण सोलायचे, आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरायचे आणि काकडाची आंबट हिरवी फळे ठेचून काढलेला रस घालून शिजवायचे, ही सगळी कृती एका मावशींनी पुढच्या वर्षी पाटावर बसून प्रत्येक गिऱ्हाइकाला करून दाखवली. तेव्हापासून आमच्याकडे काकडे शेवळांच्या जुडीतच बांधलेली असतात आणि वेगळी मिळत नाहीत.

भारंगीचा पाला उकडून, पाणी पिळून टाकून मगच परतायचा, हेही असेच समोर दाखवावे. कडूकंद मात्र कच्चा विकूच नये. त्याचे विष काढायला काप करून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवण्यासारखी मोठी खटपट लागते आणि ती ऐकून जमत नाही. दोन जाणत्या बायकांनी स्वतंत्रपणे ओळखली नाही अशी कोणतीही वनस्पती टेबलावर येता कामा नये, मग ती आणणारा कितीही खात्रीने बोलत असो.

पैशाचा हिशेब उघड असावा

टेबलाचे भाडे घेऊ नये. वाडीपासून मांडवापर्यंत टेम्पो आयोजकांनी करावा, दर बायकांनी आदल्या संध्याकाळी आपसांत ठरवावा आणि कृती दाखवणाऱ्या बाईला निदान दिवसाच्या मजुरीइतके मानधन द्यावे. साडी-नारळ हे मानधन नव्हे. पाककृती स्पर्धा ठेवायची असेल, तर परीक्षकांत निम्म्या बायका वाडीवरच्या असाव्यात, नाहीतर चीज घातलेल्या टाकळ्याच्या कटलेटला पहिले बक्षीस मिळते आणि ज्यांच्याकडून टाकळा आला त्या टाळ्या वाजवतात. शिजवलेले पदार्थ विकायचे असतील, तर अन्न नोंदणीविषयी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधी चौकशी करावी.

प्रत्यक्ष दिवशी विक्री सकाळी लवकर सुरू करावी, भाषणे असलीच तर ती विक्रीनंतर ठेवावीत. पालेभाज्या सुपात, ओल्या फडक्याखाली, सावलीत राहतील असे पाहावे. दुपारी उरलेला माल आयोजकांनी ठरलेल्या दराने विकत घेऊन जवळच्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात पोचवावा. रिकाम्या टोपल्या घेऊन परतलेल्या बायकांना पुढच्या वर्षी बोलवावे लागत नाही, त्या आपणहून येतात.

नंतरच्या आठवड्यात पुन्हा वाडीवर जावे. कोणती भाजी किती विकली गेली हे तुमच्या वहीत असतेच. विचारायचे ते एवढेच, की यंदा ती कुठून आणली आणि किती चालावे लागले. शेवळासाठी गेल्या वर्षीपेक्षा एक टेकडी पुढे जावे लागले असे दोघीतिघींनी सांगितले, तर पुढच्या वर्षीच्या यादीतून शेवळ काढून टाकावे.