जुनी पाँटून बोट आरामशीर करायचीय? सुरुवात खालून करा, सोफे सगळ्यात शेवटी

पाँटून बोट म्हणजे अॅल्युमिनियमच्या दोन किंवा तीन बंद नळ्या, त्यांच्यावर आडवे चॅनल म्हणजे आधाराच्या धातूच्या पट्ट्या, चॅनलवर प्लायचा डेक म्हणजे बोटीची फरशी, आणि डेकवर सीट, रेलिंग, छत, इंजिन. १९५२ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात अँब्रोज वीरेस या शेतकऱ्याने स्टीलची पिंपं एकाला एक जोडून त्यावर लाकडी प्लॅटफॉर्म टाकला, तिथून हा प्रकार सुरू झाला, आणि मूळ रचना आजही तीच आहे. ती साधी आहे म्हणूनच जुनी पाँटून घरच्या घरी नवी करता येते. पण बहुतेक लोक पहिला खर्च सीटवर करतात, नवं रेक्झिन, नवे कपहोल्डर, स्पीकर, आणि खाली डेक कुजलेला असतो. मग दोन वर्षांत सगळं परत उचकटायचं. म्हणून क्रम सांगतो तो पाळा: नळ्या, डेक, वायरिंग, सावली, मग बसायचं.

वापरलेली बोट बघायला गेलात तर शक्यतो ती पाण्यात असतानाच बघा, रिकामी, आत कोणी नको. मागून उभं राहून दोन्ही नळ्या सारख्याच बुडाल्यात का ते बघायचं. एक बाजू खाली असेल तर त्या नळीत पाणी शिरलंय असं समजा. ट्रेलरवर असेल तर खालच्या बाजूला बोटांनी ठोकत ठोकत जा, पोकळ आवाज अचानक बद्द झाला की तिथे पाणी आहे. नळीला मागे ड्रेन प्लग असेल तर मालकाला विचारून उघडा. लहानसहान पोचे असले तर काही बिघडत नाही, त्यावर भाव कमी करून घ्या, पण वेल्डिंगच्या रेषेवर केसासारखी चीर दिसली, विशेषतः ब्रॅकेट जिथे नळीला जोडलंय तिथे, तर ते काम अॅल्युमिनियमचं टिग वेल्डिंग (विजेच्या ठिणगीने केलेलं बारीक वेल्डिंग) रोज करणाऱ्याकडूनच करून घ्यायचं. वरून सीलंट फासून विकलेली बोट घेऊ नका.

गळती शोधायला नळीत थोडी हवा भरून वेल्डिंगवर साबणाचं पाणी लावतात, बुडबुडे आले की जागा सापडली. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, दाब २ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आसपासच ठेवायचा, ३ च्या वर अजिबात नाही, आणि कॉम्प्रेसर असेल तर रेग्युलेटर लावल्याशिवाय नळीला जोडायचाच नाही. आकडा छोटा वाटतो पण २५ इंच व्यासाच्या नळीच्या टोकाच्या झाकणावर २ पीएसआयला सुद्धा साडेचारशे किलोच्या जवळपास जोर येतो, ते झाकण उडालं तर माणूस जाईल.

आता नळीचा व्यास, कारण बोट निवडताना आरामाचा खरा हिशोब इथेच असतो. २५ इंच म्हणजे साधारण ६३.५ सेंटिमीटर व्यासाची नळी पूर्ण बुडाली तर दर मीटरला सुमारे ३१६ किलो पाणी बाजूला सारते. ६ मीटरच्या दोन नळ्या धरा, एकूण ३८०० किलोच्या आसपास. पण नळ्या निम्म्याच बुडालेल्या हव्यात, म्हणजे हाताशी राहिले १९०० किलो, आणि त्यात बोटीचं स्वतःचं वजन, इंजिन, इंधन, बॅटरी, माणसं सगळं आलं. कमी व्यासाच्या नळ्यांवर भारी फर्निचर चढवलं की बोट खाली बसते, लाट डेकवर येते, सगळ्यांचे पाय ओले आणि सगळे वैतागलेले. दोनपेक्षा तीन नळ्यांची बोट जास्त स्थिर, वळताना कमी कलते, मोठं इंजिन पेलते, पण महाग आणि ट्रेलरवर जड. शांत तलावात हळू फिरायचं असेल तर चांगल्या व्यासाच्या दोन नळ्या पुरेत, मोठं पाणी आणि वारा असेल किंवा माणसं जास्त असतील तर तीनच घ्या. आणि कपॅसिटी प्लेटवर, म्हणजे बोटीवर लावलेल्या क्षमतेच्या पाटीवर, माणसं आणि वजन जे लिहिलंय ते शेवटचं, त्याच्याशी वाद नको.

डेकची तपासणी सोपी आहे. अनवाणी चाला, जिथे दबल्यासारखं वाटेल तिथे खालून स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. गेटजवळ, सीटच्या खाली आणि मागच्या कोपऱ्यांत आधी कुजतं. एखादी शीट गेली असेल तर बाकीच्याही फार लांब नसतात, सगळा डेक एकदाच बदलणं शहाणपणाचं. उचकटायच्या आधी भरपूर फोटो काढा, प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहा, रेलिंगचे बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत. जुनी शीट फेकू नका, नवी कापायला तीच फर्मा म्हणून वापरायची.

नवा डेक म्हणजे १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय. तांब्याचं रसायन मुरवलेलं ट्रीटेड लाकूड स्वस्तात मिळालं तरी सरळ अॅल्युमिनियमवर टाकू नका, ओल आली की ते तांबं अॅल्युमिनियम खायला लागतं आणि चॅनलला पांढरी पूड धरते. याच कारणाने नळ्यांना तांबं असलेला शेवाळरोधक रंगही लावायचा नसतो. बोट कायम पाण्यात राहणार असेल तर झिजणारा अॅनोड, म्हणजे नळ्यांऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, लावून घ्या, खाऱ्या पाण्यात झिंकचा, गोड्यात मॅग्नेशियमचा. शीट आडव्या टाका, सांधा नेहमी चॅनलवर यायला हवा, दोन शीटमध्ये ३ मिलिमीटर फट सोडा, आणि प्रत्येक कापलेली कड अन् प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद करा. हे शेवटचं काम कंटाळवाणं आहे, लोक टाळतात, आणि प्लाय कुजायला सुरुवात बरोबर तिथूनच होते. बोल्ट स्टेनलेसचे.

डेकवर कार्पेट नको. पायाला मऊ लागतं खरं, पण पाणी धरून ठेवतं, वास मारतं आणि खालचं प्लाय सडवतं. विणलेलं विनाइल किंवा ईव्हीए फोमची शीट बरी, फोम पायाला जास्त सुखाचा पण गळ, चाकू, खुर्चीचा पाय यांनी फाटतो, म्हणून मासेमारीच्या बोटीवर विनाइल. रंग फिकट घ्या, दुपारच्या उन्हात गडद फ्लोअरिंगवर लहान पोरं पाय ठेवू शकत नाहीत. विनाइल आदल्या दिवशी उलगडून ठेवा म्हणजे गुंडाळीच्या वळ्या जातात, मग थोडं थोडं चिकटवत मधून कडेकडे रोलर फिरवा आणि कडा शीटच्या खाली दुमडा. हे सगळं रेलिंग बसवायच्या आधी.

वायरिंग उघडं पडलेलं असतानाच बदला. टिन केलेली (कथिलाचा मुलामा दिलेली) तांब्याची वायर, हीट श्रिंकचे (गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या नळीचे) जोड, आणि मुख्य फ्यूज बॅटरीपासून १८ सेंटिमीटरच्या आत. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी, म्युझिक आणि दिव्यांची डीप सायकल (बराच वेळ थोडा थोडा करंट देणारी) वेगळी, नाहीतर गाणी ऐकता ऐकता बोट तलावाच्या मधोमध बंद पडते. हिशोब सोपा, दिवे आणि म्युझिक मिळून ५ अँपिअर घेत असतील तर ६ तासांत ३० अँपिअर-तास गेले, लेड अॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा खाली उतरवायची नसते म्हणून १०० ची घेतली तर निवांत. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मागचा पांढरा दिवा छताआड जात नाही ना हे रात्री लांबून उभं राहून एकदा बघाच.

सावलीवर मी सीटपेक्षा जास्त खर्च करीन, कारण उन्हात सगळ्यात भारी सोफ्यावरही अर्धा तास बसवत नाही. बिमिनी टॉप म्हणजे पाईपच्या सांगाड्यावरचं घडीचं कापडी छत, त्याचं कापड सोल्युशन डाइड अॅक्रिलिक घ्या, सनब्रेला ब्रँडसारखं, रंग धाग्यातच असतो म्हणून उन्हाने लवकर विटत नाही. छताची लांबी निदान अर्धी बोट झाकेल एवढी हवी, आणि संध्याकाळचं तिरपं ऊन अडवायला एका बाजूला गुंडाळता येणारा जाळीचा पडदा. वेगाने जाताना किंवा वारा सुटल्यावर छत खाली, नाहीतर पाईप वाकतात.

आता सीट. लाकडी बेस असतील तर ते टाकून द्या, रोटोमोल्डेड (साच्यात फिरवून एकसंध बनवलेल्या) प्लास्टिकचे घ्या, ते कुजत नाहीत आणि खाली सामान राहतं. जुने बेस चांगले असतील तर फक्त गादी बदला: ४० डेन्सिटीचा एचआर फोम, ४-५ इंच, वर मरीन ग्रेडचं रेक्झिन. घरातल्या सोफ्याचं रेक्झिन एका उन्हाळ्यात तडकतं. शिवायला यूव्ही पॉलिएस्टर दोरा, सुती दोरा कुजतो आणि कापड चांगलं असूनही शिवण उसवते. पिना स्टेनलेसच्या. गादीच्या खालच्या बाजूला जाळीचं कापड लावा म्हणजे पाणी निथळतं. रेक्झिन ताणायच्या आधी थोडा वेळ उन्हात ठेवलं तर सुरकुत्या पडत नाहीत. पुसायला सौम्य साबण, ब्लीच नको, त्याने दोरा मरतो.

मांडणी ठरवताना आपल्या घरची माणसं डोळ्यासमोर आणा. म्हाताऱ्या माणसांना सीट ४०-४३ सेंटिमीटर उंच हवी, पाठ किंचित मागे कललेली, आणि उठताना धरायला जवळ रेलिंग. गप्पांसाठी इंग्रजी एल आकाराची सीट छान, मासे पकडणाऱ्याला कोपऱ्यात फिरती खुर्ची. सगळीकडे सीट भरू नका, मधून ६० सेंटिमीटरची मोकळी वाट गेटपासून गेटपर्यंत राहू द्या. शिडी रुंद पायऱ्यांची घ्या, निदान ४ पायऱ्या पाण्याखाली जाणारी, पोहून दमलेल्या माणसाला अरुंद नळीच्या पायरीवर चढताना तळवे दुखतात. शिडी मागे इंजिनजवळ असेल तर कोणी पाण्यात असताना इंजिन पूर्ण बंद, इंजिनच्या पाण्यातल्या पंख्याचा (प्रोपेलरचा) धोका तर आहेच पण धुरातला कार्बन मोनॉक्साइडही तिथेच साचतो.

सगळं बसवून झालं की पहिल्या खेपेला नेहमीची माणसं नेहमीच्या जागी बसवा आणि काठावरून कोणाला तरी बघायला सांगा. पुढचं टोक खाली जात असेल तर बॅटरी, इंधनाची टाकी, बर्फाचा डबा मागे सरकवा. सगळे पुढे जमलेत आणि चालवणाऱ्याने एकदम थ्रॉटल सोडलं तर पुढचा डेक पाण्याखाली जाऊ शकतो, म्हणून थ्रॉटल हळूहळू सोडायचं. बोट चालू असताना गेट बंद, आणि रेलिंगच्या बाहेर पुढच्या डेकवर कोणीही बसायचं नाही, तिथून पडलेला माणूस सरळ पंख्याखाली येतो. बोट ठेवताना गाद्या वाळवून मगच ताडपत्री टाका, मधे खांब लावून ती उतरती ठेवा म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही, आणि हवा खेळायला बाजूला जागा सोडा, नाहीतर बुरशी धरते.