पेसमेकर बसवल्यानंतरची उचकी

हृदयाचे ठोके सांभाळणारं मशीन, म्हणजे पेसमेकर, मला बसवला तेव्हा चतुर्थीला तीन आठवडे राहिले होते. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मी गोव्यातल्या साखळी गावचा, आमच्या घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची आरास, चाळीस वर्षं मीच बांधतोय. पुतण्या खालून सुपारीचे घोस देत होता, मी स्टुलावर. तोरिंजनाचं फळ बांधताना हात कधी वर गेला, कळलंही नाही.

रात्री जेवताना उचकी लागली. बायकोने साखर दिली, पाणी दिलं, कोण आठवण काढतंय म्हणून मुंबईच्या बहिणीपर्यंत सगळ्यांची नावं घेऊन झाली. तासाभराने लक्षात आलं की ही नेहमीची उचकी नव्हे. दर सेकंदाला, अगदी ठेक्यात, बरगडीखाली कुणी टिचकी मारावी तशी. नाडी मोजली तर ४२. माझं मशीन ६०वर लावलेलं, म्हणजे ठोके मिनिटाला ६०च्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी. १०८ला फोन केला आणि बांबोळीच्या सरकारी इस्पितळात गेलो. एक्स-रेत दिसलं, मशीनपासून हृदयात जाणारी तार जागेवरून सरकली होती. हृदयाला मिळायचा झटका पोट आणि छातीमधल्या पडद्याला बसत होता. तार पुन्हा बसवावी लागली.

म्हणून सांगतो, न थांबणारी उचकी किंवा छातीचा स्नायू सारखा उडणं याला घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

नाडी मोजायची सवय लावून घ्या. घरी सोडताना 'खालचा आकडा किती लावलाय?' हे विचारून वहीत लिहा. काहींचा रात्रीचा आकडा वेगळा असतो, तेही विचारा. सकाळी पाच मिनिटं शांत बसायचं, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. मी मास्तर होतो, तरी तो गुणाकार मला नडला. चालून आल्यावर आकडा वाढला तर बिघडत नाही. लावलेल्या आकड्याच्या खाली आला तर पुन्हा मोजा. कधी एखादा जादाचा ठोका मनगटापर्यंत पोचतच नाही, त्यामुळेही कमी भरतो. पण पुन्हा पुन्हा कमीच येत असेल तर फोन करा. सोबत चक्कर, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर मोजत बसू नका, सरळ १०८.

जखम तर रोज आरशात बघायची. पहिले काही दिवस थोडी सूज, निळसर डाग चालतो. पण सूज ताणून वाढत गेली, जागा लाल आणि गरम झाली, पाणी किंवा पू आला, टाके उसवले, ताप आला, तर थांबू नका. हळद, तेल, कसलंही मलम लावू नका. आणि कुणी सूज सुई घालून उपसतो म्हणाला तर साफ नाही म्हणा, त्याने जंतू आत जातात. आमच्या ओळखीतल्या एकाने गावातल्या डॉक्टरकडून दोनदा गोळ्या घेतल्या. लाली जायची, परत यायची. शेवटी मशीन आणि तारा, दोन्ही काढाव्या लागल्या. मशीन ठेवलेल्या कातडीखालच्या खिशात जंतू शिरले की नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. हे वर्षानंतरही होऊ शकतं. कातडी पातळ होऊन मशीनची कड दिसू लागली, तरी तेच समजा.

ज्या बाजूला मशीन आहे तो हात सुजला, जड झाला तर शिरेत गुठळी असू शकते. पावलं सुजणं, आडवं झाल्यावर दम लागणं, पूर्वीचाच थकवा परत येणं, हेही सांगायचंच. वयाच्या नावावर खपवू नका.

मिक्सरला, टीव्हीला लोक उगाच घाबरतात. मोबाईल मात्र मशीनच्या बाजूच्या शर्टाच्या खिशात ठेवू नका, दुसऱ्या बाजूच्या कानाला लावा. पेसमेकरचं कार्ड पाकिटात हवंच; त्यावर मशीनचं मॉडेल असतं, आणि एमआरआय करायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच विचारतात. तपासणीची तारीख चुकवू नका, बॅटरी उतरू लागली की ती तिथे बरेच महिने आधी दिसते. माझी पुढची तारीख चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात आहे. माटोळीला पुतण्या चढणार, मी खालून घोस देणार, तेही उजव्या हाताने.