सहाय्यक निवास प्रकल्प चालवताना या चुका टाळा

कमी उत्पन्न, त्यात दीर्घ आजार, मानसिक त्रास, व्यसन किंवा बेघरपणाची बरीच वर्षं गाठीशी असलेल्या माणसाला घर द्यायचं आणि ते टिकवायला सोबतही करायची, हे सहाय्यक निवासाचं काम. इमारत उभी करणं अवघड आहेच, पण बहुतेक प्रकल्प अडखळतात ते चाव्या हातात दिल्यानंतर. तिथे होणाऱ्या चुका साध्या दिसतात, त्यामुळे वेळेत लक्षात येत नाहीत. माझ्या मते त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: घरमालकाचं काम आणि आधाराचं काम एकमेकांत मिसळलेलं असतं.

भाडं मागणारा आणि विचारपूस करणारा एकच माणूस

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पैसे वाचवायचे म्हणून एकाच कर्मचाऱ्याकडे दोन्ही कामं दिली जातात. सकाळी तो थकलेल्या भाड्याची नोटीस दारात देतो आणि संध्याकाळी त्याच दारात उभा राहून "औषधं वेळेवर घेताय ना?" असं विचारतो. रहिवासी दार उघडेनासा होतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. नोकरी गेली, पुन्हा प्यायला लागलो, झोप येत नाही, हे ज्याला सांगायचं त्याच्याच हातात घर काढून घेण्याचा अधिकार असेल, तर कोण सांगेल? परिणामी अडचण सर्वात आधी ज्याला कळायला हवी, त्यालाच ती सर्वात शेवटी कळते.

उपाय असा: दोन माणसं, दोन फोन नंबर, दोन वेगळ्या नोंदी. इमारतीच्या व्यवस्थापकाने भाडं, दुरुस्ती, शेजाऱ्यांच्या तक्रारी आणि करार बघावा. आधार कार्यकर्त्याने रहिवाशाच्या बाजूने उभं राहावं. दोघांची ठरलेल्या दिवशी बैठक व्हावी, पण तिथे काय बोलायचं याला मर्यादा हवी. भाडं थकलं आहे, दाराबाहेर कचरा साचतो आहे, रात्री आरडाओरडा झाला, एवढं व्यवस्थापकाने सांगावं. निदान, औषधं, घरगुती गोष्टी रहिवाशाच्या लेखी संमतीशिवाय व्यवस्थापकाकडे जाऊ नयेत. आणि नोटीस निघेल त्याच दिवशी तिची माहिती कार्यकर्त्याला मिळावी, अशी परवानगी गृहप्रवेशाच्या वेळीच रहिवाशाकडून घेऊन ठेवावी. कारवाई पुढे गेल्यावर मिळालेल्या प्रतीचा उपयोग फायलीत लावण्यापुरताच.

प्रकल्प अगदी लहान असेल आणि माणूस एकच असेल, तर निदान भाडं गोळा करण्याचं काम त्याच्याकडून काढून हिशेबनिसाकडे किंवा थेट बँकेकडे द्या.

आधी सुधार, मग घर

व्यसन सोडा, उपचार सुरू करा, काही महिने नीट वागून दाखवा, मग घर देऊ, अशी पायरी-पायरीची पद्धत अनेक ठिकाणी अजून चालते. तिच्यात खालच्या पायरीवरच माणसं गळतात, आणि गळतात ती सर्वात जास्त गरज असलेली. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी 'पाथवेज टू हाउसिंग' या संस्थेतून हा क्रम उलटा केला: आधी घर, उपचार रहिवाशाच्या इच्छेने. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारलं आणि निवाऱ्यांच्या जागी माणसाच्या स्वतःच्या नावाचा भाडेकरार असलेली घरं उभी केली.

मात्र इथे उलट्या बाजूची चूकही होते. सेवा ऐच्छिक आहेत, म्हणजे रहिवासी "नको" म्हणाला की त्याचं नाव यादीतून काढायचं, असा अर्थ लावला जातो. ऐच्छिकपणा रहिवाशासाठी आहे. कार्यकर्त्याने जायचं थांबवायचं नसतं. आज नको म्हणणारा माणूस पुढच्या महिन्यात नळ गळतो म्हणून फोन करतो, आणि बोलणं तिथून सुरू होतं. तसंच, उपचाराची अट नाही म्हणजे कराराचीही अट नाही, असं नव्हे. शेजाऱ्याला त्रास देऊ नये, भाडं भरावं, घराची मोडतोड करू नये, हे नियम इतर कुठल्याही भाडेकरूला लागू असतात तितकेच इथेही. त्याहून जास्त मात्र नकोत. रात्री दिवे बंद करण्याची वेळ, अचानक खोलीची झडती, जेवणाची हजेरी असले नियम घालाल तर घराचं वसतिगृह होईल.

भाडं थकलं: तिसऱ्या महिन्यात जागं होणं

थकबाकी हे लक्षण आहे. तिच्यामागचं कारण न शोधता नोटीस पाठवली तर पैसेही येत नाहीत आणि माणूसही जातो. भाडं ठरल्या तारखेला आलं नाही की त्याच आठवड्यात कार्यकर्त्याने भेटावं आणि नेमकं काय झालं ते विचारावं.

कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. पेन्शन किंवा सरकारी मदत एखादा कागद नूतनीकरण न झाल्याने अडली असेल, तर हप्ते पाडून देणं व्यर्थ आहे. कागद पूर्ण करायला सोबत जावं लागेल. कामाचे तास कमी झाले असतील तर भाड्याची फेरमोजणी करा. उत्पन्न महिन्याच्या दहा तारखेला हातात येतं आणि भाड्याची तारीख एक आहे, असंही असतं. मग तारीख बदला, बाकी काही करायची गरज नाही. कुणी नातेवाईक किंवा ओळखीचा माणूस पैसे काढून घेत असेल, तर तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि त्याबद्दल एकांतातच विचारायला हवं. कधी रहिवासी जाणूनबुजून भाडं रोखतो, कारण गळक्या छताची तक्रार महिनोन्महिने कुणी ऐकलेली नसते. अशा वेळी आधी छत दुरुस्त करा.

हप्ते ठरवताना शेवटी हातात काय उरतं तिथून सुरुवात करा. भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत असावं, हे अमेरिकेच्या गृहधोरणातून पसरलेलं मोजमाप बरेच प्रकल्प वापरतात. पण उत्पन्न फार कमी असेल आणि औषधांचा खर्च मोठा असेल, तर उरलेल्या ७० टक्क्यांतही महिना निघत नाही. घर जाण्याच्या भीतीने माणूस न झेपणारा हप्ता कबूल करतो आणि दुसऱ्याच महिन्यात तो चुकतो. लहान, पण न चुकणारा हप्ता लिहून घ्या. भाडं खात्यातून परस्पर वळतं करायची सोय जरूर द्या, मात्र ती रहिवाशाच्या मर्जीने.

चावी दिली की काम संपलं असं समजणं

पहिले काही आठवडे सर्वात नाजूक. वर्षानुवर्षं गर्दीत झोपलेल्या माणसाला बंद दारामागची शांतता सहन होत नाही. काही जण घर असूनही जुन्या जागी झोपायला जातात. याला कृतघ्नपणा म्हणू नये. या काळात भेटी जास्त ठेवा आणि हळूहळू कमी करा. 'क्रिटिकल टाइम इंटरव्हेन्शन' ही पद्धत असंच करते: नऊ महिने, तीन टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यात कार्यकर्ता थोडा मागे सरतो व आसपासची माणसं, दवाखाना, नातलग पुढे येतात.

एकटेपणातूनच पुढची अडचण उभी राहते, ती म्हणजे पाहुणे. जुने सोबती राहायला येतात, मग निघत नाहीत, आणि बघता बघता रहिवासीच स्वतःच्या घरात पाहुणा होतो. सगळ्या पाहुण्यांवर बंदी घातली तर एकटेपणा वाढतो आणि येणारे लपूनछपून येतात. त्याऐवजी रहिवाशाला घराबाहेर एकटं भेटून विचारा की हे लोक त्याला हवे आहेत का. बहुतेकदा त्याला नाही म्हणायचं असतं, पण म्हणता येत नाही. तेव्हा व्यवस्थापकाने वाईटपणा घ्यावा. "माझी हरकत नाही, पण व्यवस्थापक परवानगी देत नाही," असं सांगायची मुभा रहिवाशाला दिली की त्याचे संबंधही तुटत नाहीत आणि घरही वाचतं. धमकी किंवा मारहाणीची भीती असेल तर कुलूप बदलणं, घर बदलून देणं, आणि रहिवाशाची तयारी असेल तर पोलिसांची मदत, हे वेळ न घालवता करावं.

ढेकूण, आणि सामानाचे ढीग

ढेकूण एका घरात सापडले की फक्त त्याच घरात फवारणी करणं ही नेहमीची चूक. ते भिंतीतल्या फटींतून आणि पाइपांच्या वाटेने सरकतात. दोन्ही बाजूंची, वरची आणि खालची घरं त्याच वेळी तपासा. कपडे आणि अंथरूण गरम हवेत वाळवल्याशिवाय नुसत्या फवारणीचा उपयोग थोडाच. आणि तक्रार करणाऱ्याकडून खर्च वसूल करू नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी सांगणारच नाही.

अतोनात सामान साठवणाऱ्या रहिवाशाचं घर तो बाहेर गेलेला असताना रिकामं करणं ही क्रूर आणि निरुपयोगी कारवाई आहे. साठवण विकाराला २०१३ साली डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली. तो आळशीपणा नाही. ढीग पुन्हा उभा राहतो, आणि विश्वास परत येत नाही. सुरुवात सुरक्षिततेपासून करा: दाराकडे जाणारी वाट मोकळी, शेगडीभोवती काही नाही, खिडकी उघडते. एवढं रहिवाशाच्या हातून, त्याच्या गतीने झालं तरी आगीचा धोका बराच कमी होतो.

कर्मचाऱ्यांवर न पेलणारा बोजा

गंभीर मानसिक आजार असलेल्या रहिवाशांसाठी, म्हणजे जिथे डॉक्टर, नर्स आणि कार्यकर्ते मिळून घरी जातात अशा पथकात, साधारण दहा जणांमागे एक कर्मचारी हे प्रमाण धरलं जातं. गरज कमी असेल तर वीसच्या आसपास. त्याच्या कितीतरी पट माणसं एकाच्या गळ्यात घातली, की तो फक्त आग लागेल तिथे धावतो आणि शांतपणे बिघडत जाणारा रहिवासी नजरेतून सुटतो. कार्यकर्ता सोडून जाणार असेल तर नव्याची ओळख त्यानेच, घरी जाऊन करून द्यावी.

किती जणांना घर दिलं, एवढंच मोजणं

अहवालात हा आकडा उठून दिसतो, पण त्यातून फारसं काही कळत नाही. वर्षानंतर किती जण घरात आहेत आणि गेलेले कसे गेले, हे वेगवेगळं नोंदवा: चांगल्या घरात गेले, नातलगांकडे गेले, काढून टाकले, न सांगता निघून गेले, वारले. हे सगळं एकाच "रिक्त" रकान्यात टाकलं तर प्रकल्प कुठे गळतो ते कधीच दिसत नाही.

कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत, दोन हजारांहून अधिक लोकांसह 'अ‍ॅट होम' हा मोठा अभ्यास केला. शेवटच्या सहा महिन्यांत पूर्ण वेळ घरात राहिलेल्यांचं प्रमाण 'आधी घर' गटात ६२ टक्के होतं, तर नेहमीच्या सेवा मिळणाऱ्या गटात ३१ टक्के. फरक मोठा आहे. पण पहिल्या गटातही १६ टक्के लोक त्या काळात अजिबात घरात नव्हते. म्हणून पहिलं घर सुटलं की माणसाची फाइल बंद करू नका. काय बिघडलं ते त्याच्याकडूनच ऐका, त्याचं सामान काही काळ सांभाळून ठेवा, कार्यकर्ता तोच ठेवा आणि दुसरं घर शोधायला लागा, या वेळी कदाचित वेगळ्या मजल्यावर, वेगळ्या वस्तीत किंवा सोबतीला कुणी असलेल्या ठिकाणी.