समाजशास्त्र शिकायचंय? लग्नाचा एक बायोडाटा घ्या आणि सुरू करा

समाजशास्त्र म्हटलं की लोकांना बारावी आर्ट्सचा पेपर आठवतो, समाजाची व्याख्या लिहा, वैशिष्ट्ये स्पष्ट करा, पाच मार्क. त्या वाटेने गेलात तर आठवड्यात कंटाळाल. माझं मत असं की व्याख्या राहू द्या बाजूला, आधी एक प्रश्न पकडा, तोही आपल्या आसपासचा, आणि त्याचा पिच्छा पुरवा, म्हणजे समाजाचा अभ्यास कसा करतात ते आपोआप हाताखालून जातं. इथे मी नाशिक जिल्ह्यात सगळ्यात जास्त चघळला जाणारा प्रश्न घेतो, शेतकरी पोरांची लग्नं का जमत नाहीत. निफाड, दिंडोरी, चांदवड, कुठेही चहाच्या टपरीवर पाच मिनिटं थांबा, विषय निघतोच.

पहिली पायरी : मताचा प्रश्न करा

टपरीवर तुम्हाला उत्तर तयार मिळेल, "पोरींच्या अपेक्षा वाढल्यात, दुसरं काय." हे मत झालं. त्याला प्रश्नात बदलायचं म्हणजे कोणाच्या अपेक्षा, मुलीच्या की तिच्या आईबापाच्या? कधीपासून? सगळ्याच शेतकऱ्यांची अडचण आहे का कमी जमीनवाल्यांचीच? बागायतवाल्यांचं जमतं आणि जिरायतवाल्यांचं अडतं का? असं तोडत गेलं की ज्याचं उत्तर शोधता येईल असा काहीतरी तुकडा हातात येतो.

सी. राइट मिल्स नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1959 साली हे फार चांगलं मांडलंय, वैयक्तिक अडचण वेगळी आणि सार्वजनिक प्रश्न वेगळा. एका पोराचं लग्न जमेना तर त्याचा स्वभाव बघा, व्यसन बघा, पाहिजे तर पत्रिका बघा. पण गावात घरटी तिशी ओलांडलेला एक पोरगा बसलेला असेल तर स्वभावाने ते समजणार नाही, काहीतरी मोठं हललंय.

दुसरी पायरी : आकडे

जनगणनेचे आकडे फुकट मिळतात, ऑनलाइन आहेत. महाराष्ट्रात 0 ते 6 वयोगटात हजार मुलग्यांमागे 2001 साली 913 मुली होत्या, 2011 साली 894. निसर्गाने हा आकडा 950 च्या आसपास असायला हवा. आता 2001 ची ती चिमुरडी आज किती वर्षांची झाली मोजा, बरोब्बर लग्नाच्या वयात आलीयत. गर्भलिंग चाचण्यांचं त्या वेळचं गणित आज बैठकीच्या खोलीत पोहे खाताना समोर येतंय.

पण इथेच थांबू नका, बरेच जण थांबतात. मुली कमी आहेत ही अडचण सगळ्याच मुलांची झाली ना, सातपूरच्या कंपनीतल्या पोराचीही आणि पिंपळगावच्या बागायतदाराचीही. मग रांगेच्या शेवटी शेतकरीच का उरतो? आकडा तुम्हाला एवढं सांगतो की कोणीतरी उरणार, कोण उरणार ते सांगत नाही. त्यासाठी पुढच्या पायऱ्या. आणि हो, 2021 ची जनगणना झालीच नाही, पुढची 2027 ची जाहीर झालीय आणि तिच्यात जातही मोजणार आहेत, तोपर्यंत जुन्या आकड्यांवर भागवायचं.

तिसरी पायरी : कागद वाचा

ही माझी सगळ्यात आवडती, घरबसल्या होते. व्हॉट्सअ‍ॅपवर वधू-वरांचे ग्रुप असतात, त्यात बायोडाट्यांचा पाऊस पडत असतो. मुलांचे पन्नास आणि मुलींचे पन्नास घ्या, नाव आणि नंबर सोडून बाकीचं वहीत उतरवा. मी बनवलेला एक नमुना देतो, नाशिककरांना ओळखीचा वाटेल : "शिक्षण बी.एस्सी. अ‍ॅग्री. नोकरी प्रायव्हेट कंपनी, अंबड. शेती 4 एकर बागायत. नाशिकमध्ये स्वतःचा फ्लॅट. निर्व्यसनी. मामाकुळ अमुक. अपेक्षा अनुरूप."

आता एकेक ओळ बघा. नोकरी आधी, शेती नंतर, आणि शेतीच्या लगेच मागे फ्लॅट. हा क्रम कोणी शिकवला? मामाकुळ कशाला लागतं? जात वर छापलेली असतेच, मग "अनुरूप" मध्ये अजून काय काय दडलंय? मुलींच्या बायोडाट्यात अपेक्षेच्या रकान्यात "नोकरदार, शेती असल्यास प्राधान्य" असं दिसलं की थांबून विचार करा. शेती पाहिजे, पण शेती करणारा नको. म्हणजे जमीन ही मालमत्ता म्हणून हवी, काम म्हणून नको, या एका ओळीवर प्रोजेक्ट होऊ शकतो. किती जणींनी असं लिहिलंय ते मोजा, याला आशय विश्लेषण म्हणतात, नाव भारी आहे, काम खुणा करायचं.

चौथी पायरी : बघायला शिका

बघणं सोपं वाटतं पण आपल्याला बघायची सवय नसते, निकाल द्यायची असते. आधी सराव म्हणून बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठी, जा. प्रश्न एकच ठेवा, कोण कुठे बसतं आणि ती जागा कशी ठरते. सगळ्यांना माहिती असलेला पण कुठेच न लिहिलेला नियम असतो, समाजशास्त्रात त्याला प्रमाणक म्हणतात, आणि तो मोडला की काय होतं ते बघायचं. नवीन माणसाने दुसऱ्याच्या जागेवर ताडपत्री अंथरली की आरडाओरडा होतो का नुसतं बघितलं जातं, कोण मध्ये पडतं.

मग वधू-वर मेळाव्याला जा, आयोजकांना सांगून, लपूनछपून नको. माइकवर मुलाची ओळख कशाने सुरू होते? मुलगी स्वतः बोलते का तिचे काका बोलतात? कोणाच्या वेळी हॉलमधली कुजबुज थांबते? नोंदी त्याच रात्री लिहून काढा, सकाळी निम्मं विसरलेलं असतं. आणि बॅकअप घ्या. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1948 मध्ये म्हैसूरकडच्या एका गावात राहून अभ्यास केला, 1970 साली अमेरिकेत स्टॅनफर्डला ते काम करत होते तिथे आग लावली गेली आणि वर्षानुवर्षं तयार केलेल्या नोंदी जळाल्या. मग त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं, ते गाजलंही, पण आपण काही श्रीनिवास नाही, तेव्हा फोटो काढून ठेवलेला बरा.

पाचवी पायरी : बोला, म्हणजे खरं तर ऐका

"मुलींच्या अपेक्षा वाढल्यात असं वाटतं का?" असं विचारलंत तर समोरचा हो म्हणणार, तुम्हीच उत्तर दिलंत ना. त्यापेक्षा "दादा, शेवटचं स्थळ आलं होतं तेव्हा काय काय झालं, फोन आला तिथपासून सांगा" असं विचारा आणि गप्प बसा. तपशील येतात. "पत्रिका जुळली नाही" हे वाक्य वारंवार ऐकू येईल, आणि नकार देण्याची ती सभ्य पद्धत आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असतं, म्हणून पत्रिकेच्या आधी काय विचारणं झालं होतं ते विचारून घ्या. पाणी आहे का, कर्ज किती, भाऊ किती, वाटण्या झाल्यात का.

मुलाशी बोललात तर मुलीशीही बोला, आणि काका-मामांसमोर नको, मैत्रीण किंवा वहिनी सोबत असेल तर मोकळं बोलतात. आई म्हणून जिने द्राक्षबागेत विरळणी-डिपिंग (घड विरळ करणं, औषधात बुडवणं) करत उन्हं काढलीत ती आपल्या लेकीसाठी काय मागते, हे मला अख्ख्या प्रश्नाचं मर्म वाटतं आणि टपरीवर ते कधीच येत नाही. वेळ बघून जा, ऑक्टोबरच्या छाटणीत किंवा फेब्रुवारी-मार्चच्या काढणीत गेलात तर कोणी उभं करणार नाही, आणि बरोबर आहे त्यांचं.

रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय नाही. लिहिताना नाव बदलणं पुरत नाही, लहान गावात "तीन बहिणींचा एकुलता भाऊ, पाच एकर" एवढ्यावरून माणूस ओळखू येतो, तेव्हा गाव आणि एक-दोन खुणाही बदला.

सहावी पायरी : आता पुस्तकं

आता वाचा, कारण आता प्रश्न तुमच्याकडे आहे. अकरावी-बारावीची समाजशास्त्राची पुस्तकं बालभारतीच्या साइटवर मराठीत फुकट आहेत, तिथून सुरू करा. आपलं मुक्त विद्यापीठही गंगापूर धरणाच्या वाटेवर आहेच, 1989 पासून, आणि जुनी पुस्तकं चाळायला सार्वजनिक वाचनालय, ते तर 1840 चं.

समाजशास्त्राचा पाया घालणारे तिघं घ्या, मार्क्स, वेबर आणि दुर्खीम. मार्क्स विचारेल जमीन कोणाच्या नावावर आहे. वेबर म्हणेल पैसा आणि प्रतिष्ठा एकच नसतात, म्हणूनच लाखोंची द्राक्षं एक्स्पोर्ट करणाऱ्यापेक्षा सरकारी शिपायाचं स्थळ वर चढतं. दुर्खीमने 1897 मध्ये आत्महत्येसारख्या अगदी खाजगी वाटणाऱ्या गोष्टीचं प्रमाण वेगवेगळ्या समाजगटांत वेगवेगळं असतं हे आकड्यांनी दाखवलं, तोच धागा इथे लग्नाला लावायचा. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचं नातेसंबंधांवरचं काम 1953 चं, ते वाचलं की मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे चालतं आणि उत्तरेत का चालत नाही ते कळतं, आणि बायोडाट्यातलं मामाकुळही.

आणि बाबासाहेब. नाशिकला ते काळाराम मंदिराच्या 1930 च्या सत्याग्रहामुळे आणि येवल्याच्या 1935 च्या धर्मांतराच्या घोषणेमुळे माहीत आहेत, पण 1916 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचविशीत वाचलेला त्यांचा जातीवरचा निबंध फार कमी लोकांनी उघडलेला असतो. जात टिकते ती जातीतच लग्न लावण्यामुळे, हा त्यातला गाभा. आता परत तुमच्या वहीकडे या : मुली आधीच कमी, त्यात स्थळ फक्त आपल्याच जातीत शोधायचं, त्यातही पोटजात, मग देवक (कुळाचं चिन्ह, ते एकच निघालं तर लग्न होत नाही). मुली नाहीत म्हणून ओरडणारं घर शेजारच्या जातीतली मुलगी चालेल का विचारलं की काय म्हणतं, ते ऐका. कुठे कुठे चालतेय आता, पण कोणाला आणि कुठल्या अटीवर, हे शोधण्यासारखं आहे.

शेवटची पायरी : स्वतःवर संशय

लिहायला बसण्याआधी एक तपासा. मेळाव्यात आणि ग्रुपवर तुम्हाला फक्त न जमलेले भेटले, ज्यांचं नात्यातच पटकन जमलं ते बायोडाटा छापतच नाहीत. म्हणून त्याच गावातली गेल्या दोन वर्षांत लग्न झालेली चार-पाच शेतकरी पोरं शोधा आणि त्यांचं कसं जमलं विचारा. फ्लॅटवाल्यांचं लवकर जमलं असं दिसलं तरी घाई नको, फ्लॅटवाला बहुतेक नोकरीवालाही असतो, मग जमलं कशामुळे?

मग दोन पानं लिहा, जास्त नको, आणि ज्यांच्याशी बोललात त्यांच्यापैकी कोणाला तरी वाचायला द्या. "असं नव्हतं म्हणायचं मला" असं कोणी म्हणालं तर ते वाक्य खोडू नका, त्यांचं म्हणणंही खाली जोडा.