एमजीबी मोटारीच्या पुढच्या चाकाच्या बेअरिंगला हात घालण्याआधी

शिमपासूनच सुरुवात करतो, कारण मागच्या खेपेला मी त्याच घालवल्या. बाहेरच्या बेअरिंगच्या पाठीला ग्रीसने चिकटलेल्या त्या पातळ चकत्या जुन्या ग्रीसबरोबर चिंधीने पुसल्या गेल्या आणि चिंधी कचऱ्यात गेली. नट आवळला तर चाक जड फिरू लागलं, म्हणून नट थोडा मागे घेतला आणि गाडी तशीच चालवली. बेअरिंगची आतली रिंग स्टब अ‍ॅक्सलवरच, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या आखूड दांड्यावरच, फिरत राहिली. अ‍ॅक्सल खरवडला, बदलावा लागला.

नट आवळून जरा मागे घ्यायचा, ही रीत ट्रायम्फ स्पिटफायर या दुसऱ्या गाडीची. एमजीबीत दोन बेअरिंगच्या मध्ये पोलादी नळी असते, स्पेसर. नट ४० ते ७० फूट-पाउंडांनी आवळला की आतल्या रिंगा, स्पेसर आणि शिम अ‍ॅक्सलवर घट्ट दाबल्या जातात आणि वळणावर अ‍ॅक्सल कमी वाकतो. प्ले, म्हणजे चाकाची ढिलाई, किती राहणार हे नट ठरवत नाही, शिम ठरवतात. म्हणून झाकणाचा डबा आधी शेजारी ठेवा. बेअरिंग बोटांनी सरळ बाहेर ओढा, मागची बाजू बघा, स्पेसरचं तोंडही बघा. एकेक शिम पुसा, मायक्रोमीटरने मोजा, आकडा लिहा, डब्यात टाका. चिंधी त्यानंतर.

त्याआधी दोष बेअरिंगचाच आहे ना, हे पाहा. चाक वर-खाली धरून हलवा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग. तरीही राहिला तर किंगपिन (चाक ज्याभोवती डावी-उजवीकडे वळतं तो खिळा) बघा, हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) उघडून काही मिळणार नाही.

जॅक, पाने, ग्रीस तुमच्याकडे असतीलच. स्टँड लावल्याशिवाय मात्र हात घालू नका. स्प्लिट पिन आणि ऑइल सील नवीन. चुंबकी बैठकीचा डायल गेज नसेल तर उसना आणा; दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, हाताला कळत नाहीत. ३, ५ आणि १० थाऊच्या शिम आधीच मागवून ठेवा. होय, पुन्हा शिम! रविवारी दुपारी हब उघडा आणि ३ ची शिम नाही, तर गाडी आठवडाभर स्टँडवर. कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) काढून तारेने टांगा, ब्रेकच्या होजला लोंबकळू देऊ नका. पॅड घासत असतील तर गेजवर विश्वास ठेवता येत नाही. नवीन बेअरिंगची बाहेरची रिंग आणि रोलर एकाच डब्यातले हवेत, अदलाबदल नको.

बसवताना आधी शिमशिवाय, हब फिरवत, तो जड होईपर्यंत आवळा, म्हणजे बाहेरच्या रिंगा नीट बसतील. मग काढून मुद्दाम जास्त शिम घाला, आवळा, मोजा. गेज १३ थाऊ दाखवत असेल तर १० ची शिम काढा, ३ उरतील. २ ते ४ चालतात. पिनचं भोक जुळत नसेल तर ७० पर्यंत आणखी आवळा, सैल करू नका. पिन, टोपी (तिच्यात ग्रीस भरू नका), कॅलिपर, चाक. दुसरी बाजू वेगळी मोजा, तिला दुसरा डबा. इकडच्या शिम तिकडे नकोत.